बंद पडलेला डेस्कटॉप दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे डेस्कटॉप अचानक बंद पडल्याविषयीची आहेत. दुरुस्त करावा की नवा घ्यावा, हा तिघांचाही प्रश्न आहे. माझे उत्तर मात्र तिघांसाठी वेगवेगळे आहे, म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मिरजेत माझे अक्षरजुळणीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि मंडळांच्या स्मरणिका ही मुख्य कामे. डेस्कटॉप २०१४ मध्ये सुटे भाग घेऊन जुळवलेला आहे. त्यात इंटेलचा आय३-४१५० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क आणि ३२ बिटचे विंडोज ७ आहे. पाने मांडण्याचे पेजमेकर ७ आणि जुने मराठी फॉन्ट त्यावरच चालतात. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे जो लावल्याशिवाय ते चालत नाही असा छोटा जोड, मागच्या बाजूच्या, पूर्वी प्रिंटरसाठी असायच्या त्या रुंद पोर्टला लावावा लागतो. गेल्या आठवड्यात रात्री वीज गेली, सकाळी आली, आणि तेव्हापासून बटण दाबले तरी पंखा फिरत नाही की दिवा लागत नाही. दुकानदाराने कॅबिनेट उघडून पाहिले आणि मदरबोर्ड गेला आहे, तो आता मिळत नाही, नवा संगणक ३८,००० रुपयांना पडेल, असे सांगितले. लग्नसराई तोंडावर आली आहे. काय करावे? – एक वाचक, मिरज

उत्तर : आपण लिहिलेल्या लक्षणांवरून मदरबोर्ड गेला, असे कोणालाही नुसते पाहून सांगता येणार नाही. संगणक अजिबात दाद देत नसेल, तर संशय पहिल्यांदा वीज पुरवणाऱ्या साखळीवर घ्यायचा असतो, म्हणजे भिंतीवरचा सॉकेट, वायर, यूपीएस, कॅबिनेटमधला एसएमपीएस (भिंतीवरची वीज संगणकाला लागणाऱ्या कमी दाबात बदलून देणारा डबा) आणि समोरचे बटण यांच्यावर. मदरबोर्डचा क्रमांक त्यानंतर लागतो. आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा धागा माझ्या मते ‘रात्री वीज गेली, सकाळी आली’ हा आहे.

एसएमपीएसमध्ये एक छोटा भाग असा असतो, की भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत तो अखंड जागा राहतो आणि संगणक बंद असतानाही मदरबोर्डला ५ व्होल्टचा बारीकसा पुरवठा करत राहतो. आपण समोरचे बटण दाबतो, ते ओळखले जाते या पुरवठ्यामुळेच. त्या भागातल्या कपॅसिटरमधला (वीज साठवून ठेवणाऱ्या छोट्या नळकांड्यातला) द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटत जातो. आटलेला कपॅसिटर गरम आणि चालू अवस्थेत कसाबसा निभावून नेतो, पण एकदा पुरवठा पूर्ण तुटून तो थंड झाला, की त्याला पुन्हा सुरुवात करता येत नाही. त्यामुळे आदल्या संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चाललेला संगणक वीज जाऊन आल्यावर मुका होतो. वीज परत येतानाच्या झटक्यानेही एसएमपीएसमधला फ्यूज जाऊ शकतो, आणि तसे झाले असेल तर पुढचा मदरबोर्ड बहुधा वाचलेला असतो.

तपासणी अशी करून घ्यावी. प्रथम सॉकेटमध्ये दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे, यूपीएस वगळून संगणक थेट भिंतीला जोडावा आणि वायर बदलून पाहावी. एसएमपीएसच्या मागे छोटा स्विच असतो, त्याला कोणाचा धक्का लागून तो बंद झालेला नाही ना, हेही पाहावे. त्यानंतर मल्टिमीटर असलेल्या जाणकाराकडून २४ पिनांच्या मोठ्या जोडणीतल्या जांभळ्या आणि काळ्या वायरमधला दाब मोजून घ्यावा. तो ५ व्होल्टच्या आसपास असलाच पाहिजे. जोडणी बोर्डपासून सोडवल्यावरही तो शून्य येत असेल, तर दोष एसएमपीएसचा आहे. दाब ठीक असेल, तर सर्व जोडण्या सोडवून त्याच २४ पिनांतली एकुलती एक हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरशी तारेच्या तुकड्याने जोडतात, म्हणजे एसएमपीएसचा पंखा फिरायला हवा. मात्र पंखा फिरला म्हणजे तो पूर्ण भार पेलतो, असे सिद्ध होत नाही. खात्रीची परीक्षा एकच, आणि ती म्हणजे दुकानातला चालू असलेला दुसरा एसएमपीएस दहा मिनिटे लावून पाहणे. एवढे केल्याशिवाय ज्याने मदरबोर्ड गेल्याचे सांगितले, त्याच्या निदानावर ३८,००० रुपये खर्च करू नयेत. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नये. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते, आणि आतला मोठा कपॅसिटर वायर काढल्यानंतरही काही काळ तेवढा दाब धरून ठेवू शकतो.

दोष एसएमपीएसचाच निघाला, तर तो बदलावा आणि चांगल्या कंपनीचा घ्यावा. आपला प्रोसेसर ५४ वॅटचा आहे आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्यास सगळा संगणक मिळून सहसा १०० वॅटही ओढत नाही, त्यामुळे ४५० वॅटचा साधा एसएमपीएस आपल्याला भरपूर आहे. त्याला अडीच-तीन हजार रुपये पडतील. सहाशे-सातशे रुपयांत मिळणारा बिनओळखीचा एसएमपीएस घेऊ नये, कारण त्यात सुरक्षेचे भाग गाळलेले असू शकतात आणि पुढच्या झटक्याला तो मदरबोर्डला सोबत घेऊन जातो. त्याच वेळी वायरमनला बोलावून दुकानाच्या सॉकेटचे अर्थिंगही तपासून घ्यावे.

समजा, मदरबोर्ड खरोखरच गेलेला आहे. तरीही तो मिळतच नाही, हे म्हणणे बरोबर नाही. एच८१ चिपसेटचे वापरलेले बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत अजून मिळतात, आणि कमी प्रसिद्ध कंपन्यांचे नवे बोर्डही विकले जातात. आपला प्रोसेसर आणि रॅम त्यावर जशीच्या तशी बसेल. मात्र आपण बोर्ड शोधताना एक अट कटाक्षाने पाळावी : त्यावर तो रुंद पॅरलल पोर्ट, किंवा निदान तो पोर्ट जोडण्यासाठीच्या पिनांची ओळ, असली पाहिजे.

आपल्या बाबतीतला सगळा निर्णय या पोर्टभोवती फिरतो. नव्या बोर्डांवर हा पोर्ट जवळजवळ नसतोच. यूएसबीला लावून पॅरलल पोर्ट देणारी जी वायर मिळते, ती प्रिंटरसाठी बनवलेली असते. डोंगलला पोर्टशी ज्या पद्धतीने थेट संवाद साधायचा असतो, तो तिच्यातून होत नाही. शिवाय नव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ७ अधिकृतपणे चालत नाही, आणि ६४ बिटच्या विंडोजवर जुन्या डोंगलचा ड्रायव्हर बसेलच असे नाही. म्हणजे आपण ३८,००० रुपयांचा संगणक आणला, तरी दुसऱ्या दिवशी त्यावर जुनी एकही पत्रिका उघडणार नाही. ते फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जाण्याच्या पद्धतीच्या, आधीच्या काळातले असल्यामुळे त्यांत टंकलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की अर्थहीन चिन्हांची रांग दिसते, हे आपण रोजच अनुभवत असाल. नव्या संगणकाची खरी किंमत ३८,००० रुपये अधिक नवे सॉफ्टवेअर, अधिक नवे फॉन्ट, अधिक हात बसेपर्यंतचे महिने, एवढी आहे. लग्नसराईच्या तोंडावर ती आपण मोजू नये.

म्हणून आपण दुरुस्तीच करावी, आणि सोबत एकच सुधारणा करावी : हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क. अकरा-बारा वर्षे फिरलेली हार्डडिस्क कधीही दगा देऊ शकते. संगणक चालू होण्याची वाटही न पाहता ती आजच बाहेर काढावी, साटा (डिस्कची जोडणी) ते यूएसबी वायरने दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि सर्व फाइली उतरवून घ्याव्यात. एसएमपीएस बिघडला म्हणून डिस्कवरची माहिती सहसा जात नाही, त्यामुळे आपली कामे बहुतेक सुरक्षित असतील. त्यानंतर संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर करून घ्यावी, म्हणजे विंडोज, पेजमेकर, फॉन्ट आणि डोंगलची मांडणी, काहीही नव्याने बसवावे लागणार नाही. यात एक व्यावहारिक अडचण येते. ५०० जीबीची डिस्क ४८० जीबीच्या एसएसडीवर जशीच्या तशी मावत नाही, तेव्हा एक तर आधी पार्टिशन (डिस्कवरचा विभाग) लहान करावे लागते किंवा ५०० जीबीहून मोठी एसएसडी घ्यावी लागते. एच८१ बोर्डवर सेकंदाला ६ गिगाबिटचे दोनच साटा पोर्ट असतात आणि बाकीचे निम्म्या वेगाचे असतात, म्हणून एसएसडी योग्य पोर्टला लावली आहे, याची खात्री करून घ्यावी.

रॅम वाढवू नका. दुकानदार ती सुचवेल, पण ३२ बिटच्या विंडोज ७ ला एकूण ४ जीबीच्या पलीकडे पाहताच येत नाही, आणि त्यातलीही साधारण साडेतीन जीबीच वापरात येते. ८ जीबी बसवण्याचे पैसे सरळ वाया जातील.

शेवटी एक काळजी. विंडोज ७ ला सुरक्षेची अद्यतने मिळणे १४ जानेवारी २०२० रोजीच थांबले आहे. हा संगणक इंटरनेटपासून तोडावा, ग्राहकांचे ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या संगणकावर पाहावे, आणि पेनड्राइव्ह तिथे तपासून मगच इकडे लावावा. हंगाम संपला की जुन्या महत्त्वाच्या कामांच्या पीडीएफ करून ठेवाव्यात. त्यांत फॉन्ट सामावलेले असले, की डोंगल नसतानाही पान जसेच्या तसे दिसते. नवी कामे सवडीने युनिकोडमध्ये हलवावीत. डोंगल ही वस्तूही कधीतरी मरणार आहे, आणि तिची दुरुस्ती कोणी करून देणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून गुहागरजवळच्या गावी राहते. डेस्कटॉपवर आठवणी लिहिणे, जुनी छायाचित्रे जपणे आणि पुण्यातल्या मुलीशी व्हिडिओवर बोलणे एवढाच वापर आहे. पावसाळ्यात दोन महिने मी मुलीकडे होते. परत आल्यावर संगणकाचा पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच येत नाही. पुण्याला जाण्याआधीपासून संगणकातली तारीख सारखी मागे जात होती. संगणक इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, विंडोज १० असा आहे. आता टाकून द्यावा का? – एक वाचिका, गुहागर

उत्तर : टाकून देऊ नये. कदाचित आपल्याला एका खोडरबराचा आणि एका सेलचाच खर्च येईल.

किनाऱ्याजवळच्या खारट, दमट हवेत बंद राहिलेल्या संगणकात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर सूक्ष्म थर चढतो आणि संपर्क तुटतो. पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो, याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. वायर भिंतीपासून काढावी, समोरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे म्हणजे उरलेली वीज निघून जाईल, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच काम सुरू करावे. रॅमच्या दोन्ही टोकांच्या कड्या मोकळ्या करून ती बाहेर काढावी, पट्ट्यांवरून मऊ खोडरबर हलकेच फिरवावे, कण झटकावेत आणि ‘खट्’ असा आवाज येऊन कड्या आपोआप बसेपर्यंत ती पुन्हा दाबावी. रॅम दोन असतील तर एकेक लावून पाहावी. त्याआधी पडद्याची वायरही काढून पुन्हा घट्ट लावावी.

मागे जाणारी तारीख म्हणजे मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा चपटा सेल संपल्याची खूण आहे. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो पूर्ण संपला की बोर्ड स्वतःच्या मांडणीतले बदल विसरतो, आणि मग डिस्क सापडत नसल्याचा संदेशही येऊ शकतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, जाणकाराकडून मांडणी पूर्ववत करून घ्यावी. जुना सेल मात्र टेबलावर ठेवू नये. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होते. नातवंडे येत असतील तर ही गोष्ट मी संगणकापेक्षाही महत्त्वाची मानतो.

कॅबिनेट उघडल्यावर पॅनलच्या आत पाल किंवा मुंग्यांचे घर दिसले, तर कोरड्या ब्रशने स्वच्छ करावे. बोर्डवर, विशेषतः रॅमच्या खाचांत, हिरवट किंवा पांढरे क्षार चढलेले दिसले, तर मात्र मी त्या बोर्डवर पैसे घालवणार नाही, कारण एक दोष काढला तरी पुढच्या पावसाळ्यात दुसरा निघतो.

संगणक चालू झाला की दुसरा प्रश्न उरतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अद्यतनांची सोय मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच जाहीर केली होती, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरना अधिकृतपणे स्वीकारत नाही. आपल्या वापरासाठी मी विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही प्रणाली सुचवेन. ते मोफत आहे, पेनड्राइव्हवरून काहीही न बसवता आधी चालवून पाहता येते, आणि तेव्हाच आपला प्रिंटर, कॅमेरा आणि मराठी टंकलेखन नीट चालते का, हे कळते. आपण इनस्क्रिप्ट या ठरलेल्या कळरचनेने टंकता की उच्चारानुसार, ते पत्रात नाही. इनस्क्रिप्टची सवय असेल तर काहीच नवे शिकावे लागणार नाही. हार्डडिस्क जुनीच असेल तर २५० जीबीच्या आसपासची एसएसडी घ्यावी, फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. आठवणींचे लेखन आणि छायाचित्रे मात्र, काहीही बदलण्याआधी, दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवावीत, आणि त्यांतली एक प्रत पुण्याला मुलीकडे असावी. यापुढे पावसाळ्यात घरी असाल तेव्हा रोज तासभर संगणक चालू ठेवावा. त्याच्या स्वतःच्या उबेने आतला ओलावा निघून जातो.

प्रश्न : आमच्याकडे एका प्रसिद्ध कंपनीचा, कार्यालयांत असतो तसा बारीक उभा डेस्कटॉप आहे. त्यात सहाव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम आणि एसएसडी आहे. दुसरा एसएमपीएस लावून तपासल्यावर मदरबोर्ड गेल्याचे नक्की झाले. चिप गरम करून पुन्हा बसवण्याचे ४,५०० रुपये सांगितले आहेत आणि हमी एक महिन्याची आहे. मुलगी यंदा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण मात्र दुरुस्ती करू नये. चिप गरम करून सांधे पुन्हा जोडण्याचा उपाय अनेकदा काही आठवडे किंवा महिनेच टिकतो, आणि एक महिन्याची हमी तेच सांगते. अशा बारीक कॅबिनेटमध्ये बोर्डचा आकार आणि एसएमपीएसच्या जोडण्या कंपनीच्या स्वतःच्या असतात, त्यामुळे बाजारातला साधा बोर्ड आत बसत नाही आणि प्रत्येक भागासाठी त्याच मॉडेलचा जुना सांगाडा शोधावा लागतो. एवढे करून हाती येईल तो सहाव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीबाहेरचा संगणक. चार वर्षे अभ्यास करायच्या मुलीसाठी हा पाया कच्चा आहे.

नवा घेणे जमत नसेल, तर कार्यालयांतून निघालेले, तपासून विकले जाणारे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचे डेस्कटॉप पाहावेत. आठव्या पिढीपासून साध्या आय५ मध्येही सहा कोअर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामे करणारे भाग, आले. सहाव्या पिढीच्या आय५ मध्ये ते चार होते. घेताना पक्के बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी हमी मागावी, बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ मांडणीत) टीपीएम २.० ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय चालू होते का हे समोर करून पाहावे, आणि अर्धा तास जड काम देऊन संगणक स्वतःहून बंद पडत नाही ना, हे तपासावे.

जुन्या संगणकातली एसएसडी आणि रॅम दुकानदाराला देऊन टाकू नका. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर झपाट्याने चढले, आणि जुन्या कॅबिनेटच्या बदल्यात हजार रुपये कमी करतो म्हणणारा माणूस त्यातली रॅम धरूनच तो हिशेब करतो. सहाव्या पिढीचे काही संगणक डीडीआर४ प्रकारची रॅम वापरतात, काही डीडीआर३एल प्रकारची. रॅमच्या लेबलवर ते छापलेले असते. डीडीआर४ असेल आणि तिचा आकारही जुळत असेल, तर तीच ८ जीबी आठव्या पिढीच्या संगणकातल्या रॅमच्या जोडीला बसेल आणि १६ जीबी झाल्यावर मुलीला बराच काळ रॅमची चिंता करावी लागणार नाही. एसएसडीतली माहिती उतरवून घेऊन ती दुसरी डिस्क म्हणून लावता येईल.

उरलेला सांगाडा भंगारवाल्याला देऊ नये. तांब्यासाठी उघड्यावर वायर जाळल्या जातात आणि तो धूर आपल्याच गावात राहतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार अशा वस्तूंची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांनी लावायची आहे आणि ती जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकलेली आहे. आपला संगणक प्रसिद्ध कंपनीचा असल्यामुळे तिच्या संकेतस्थळावर जुनी उपकरणे परत घेण्याची माहिती पाहावी, आणि कॅबिनेट तिथे देण्याआधी मदरबोर्डवरचा चपटा सेल काढून वेगळा द्यावा.